खाटेपाशी वाढलेलं पिल्लू

कुत्रेवाल्या काकूंकडे पिल्लू मागायला जायचं म्हणजे मुलीला मागणी घालायला गेल्यासारखंच. मेंढ्या किती, रान कसलं, आधीचं कुत्रं कशानं गेलं, सगळी उलटतपासणी व्हायची. राखणीचीच कुत्री पैदा करायच्या त्या, हाडापेरानं भक्कम, लांडग्यापुढे पाय रोवून उभी राहणारी. ज्याच्या मागच्या पायात जरा डुगडुग दिसली किंवा जे कोकरावर उगाच गुरगुरलं, त्याची पुढची पैदास बंद. "देखणेपण काय चाटायचंय?" असं तोंडावर सांगायच्या.

आणि एका बाबतीत तर कुणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. पिल्लाचे डोळे उघडले की त्याचा मुक्काम मेंढवाड्यात. दूधपाणी बघायचं, जंताचं औषध द्यायचं, पाय चाचपायचे आणि बाहेर यायचं. मांडीवर घेणं नाही, लाडीगोडी नाही. मेंढरांचा वास म्हणजेच आपलं घर, असं त्याला वाटलं पाहिजे. शेजारणीनं एकदा पिल्लू कुरवाळलं, तर काकूंनी तिला असं फैलावर घेतलं की ती बिचारी पुन्हा कुंपणाकडे फिरकली नाही.

तर असल्या या बाईनं आपला नियम आपल्याच हातानं मोडला.

त्या वर्षी काका छपरावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. एवढा दांडगा माणूस, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून. जेवण नको, बोलणं नको. त्यातच जुनी कुत्री विताना अडली. गुरांच्या डॉक्टरांनी पोट फाडून तिला वाचवलं, पण पिशवी काढावी लागली. पिल्लांतलं एक तेवढं जगलं. सासऱ्यांपासून चालत आलेला वंश आता त्या मूठभर जिवावर आला.

आईला दूध नव्हतं, म्हणून बाटलीनं पाजायला काकूंनी ते घरात आणलं. एकदा हात अडकले होते, तेव्हा "धरा जरा," म्हणून त्यांनी ते काकांच्या छातीवर ठेवलं. पिल्लू काकांचं बोट लुचायला लागलं, आणि काका चक्क हसले हो! "ढब्बू आहे लेकाचा," म्हणाले. त्या दुपारी त्यांनी आपणहून जेवायला मागितलं.

मग काकूंना ते मेंढवाड्यात टाकवेना. आज टाकू, उद्या टाकू करता करता ढब्बू खाटेवरच वाढला. शेवटी मेंढ्यांत सोडला, तेव्हा अंगानं दृष्ट लागावी असा झाला होता. पण सांज झाली की मेंढ्यांकडे पाठ करून घराच्या दाराकडे बघत बसायचा. काकूंना कळलं नाही म्हणता? त्यांना नाही कळणार तर कुणाला! पण मनाला पटवून घ्यायचं असलं की माणूस काय वाटेल ते पटवून घेतो. "होईल सवय," म्हणाल्या.

डोंगरावर मेंढ्या चारणारे धाकटे दीर आले. त्यांचं कुत्रं म्हातारं होऊन गेलं होतं आणि लांडगे रोज घिरट्या घालत होते. "तुमच्या हातचं कुत्रं आहे वहिनी, मला बघायचीसुद्धा गरज नाही."

हा खाटेवर वाढलाय, हे सांगून टाकावं असं काकूंना वाटलं. पण एक हंगाम डोंगरावर कळपासोबत काढल्याशिवाय त्या कुठल्याच कुत्र्याची जोडी लावत नसत. आत्ता सांगितलं तर दीर त्याला नेणार नाहीत, आणि वंश इथंच संपला. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं.

"घेऊन जा," म्हणाल्या.

पुढे एका सकाळी ढब्बू दारात उभा. पंजे सोललेले, अंगभर काटे. सरळ आत गेला आणि काकांचा हात चाटायला लागला. "आला बघ! माझ्याशिवाय करमेना त्याला," काका आनंदून ओरडले. काकू दारात जाऊन डोंगराच्या वाटेकडे बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दीर आले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. अंगणातच हळू आवाजात म्हणाले, "अर्धा कळप गेला वहिनी. कुत्रं भुंकलंच नाही. मला वाटलं, लांडग्यांनी आधी त्यालाच संपवलं. काल दिवसभर घळीघळीतून त्याला शोधत होतो, निदान पुरावं तरी म्हणून."

दीर भावाला भेटायला आत गेले. ढब्बू उठला आणि दोघांच्या मध्ये, खाटेला पाठ लावून उभा राहिला. इंचभर हटेना. दीर बघतच राहिले. मग त्यांनी मान वळवून वहिनींकडे पाहिलं. आता त्यांना सगळं कळलं होतं.

"मेंढ्या बऱ्या आहेत ना रे?" काकांनी विचारलं.

"बऱ्या आहेत, दादा." आणि पाणीसुद्धा न घेता ते निघून गेले.

रक्तात खोट नव्हती, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं. खोट त्यांच्यात होती. पण सख्ख्या दिराला फसवल्यावर आता पिल्लू देताना कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा? त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि ढब्बूला खच्ची करायला बोलावलं.

खाटेवरून काका ढब्बूचे काटे काढत होते. "अगं, याला चांगलीशी जोडीण बघ. याचं एखादं पिल्लू मी इथं माझ्यापाशीच ठेवणार."

"हो," काकू म्हणाल्या.