चार नंबरची बिजागरी

अनुजा परुळेकर उडत्या मोटारीच्या कामाला लागली तेव्हा तिला शेहेचाळिसावं चालू होतं, आणि तोवर ती विमानात एकदाच बसली होती, तेही नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गोव्याला जाताना.

माहेर गिरगावातलं. बारावीनंतर तिने आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, लग्न होऊन लालबागला आली आणि भायखळ्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला लागली. कारखाना घडीचं फर्निचर बनवायचा. भिंतीत मिटणारे पलंग, कपाटातून उघडणारी जेवणाची टेबलं, असलं सगळं. वीस वर्षं तिने बिजागऱ्या काढल्या. कारखाना भिवंडीला हलला तेव्हा जाण्यायेण्यातच पाच तास जायला लागले. दोन महिने तिने ते सोसलं आणि मग राजीनामा दिला.

लोअर परळच्या एका नव्या कंपनीला 'घडीच्या यंत्रणेचा अनुभव असलेला डिझायनर' हवा होता. तिने अर्ज टाकला. मुलाखतीला कंपनीचा मालक केतन स्वतः बसला होता. वय एकतीस, पायात चपला, डोळ्यांत झोप. त्याने दीड मीटर लांबीचं एक काळं पातं टेबलावर आडवं ठेवलं.

"अशी आठ पाती आहेत मॅडम. चार पंखे, एकेकाला दोन पाती. गाडी उतरली की पाती मिटून पंख्याच्या दांड्याला चिकटली पाहिजेत, म्हणजे ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मावेल. तुम्ही बिजागरी कुठे बसवाल?"

अनुजाने पातं उचललं, जोखलं, परत ठेवलं.

"ते नंतर सांगते. आधी सांगा, आतापर्यंत हे कुठे तुटलंय?"

केतन हसायला लागला. तुटलेली पाती त्याच्याकडे कपाटभर होती. तिला सोमवारपासून यायला सांगितलं.

घरी सासूबाईंना हे समजावून सांगणं मुलाखतीपेक्षा जड गेलं. कमलताई मालवणच्या. गिरणगावात पन्नास वर्षं काढली तरी जिभेवरचं मालवण हललं नव्हतं.

"पलंग काय नि विमान काय, घडी ती घडीच," अनुजा म्हणाली.

"अगो, पलंग पडलो तर माणूस दोन फूट खाली येता," कमलताई म्हणाल्या. "ह्या पडला तर?"

प्रश्न रास्त होता. अनुजाने तो मनाला लावून घेतला. पातं गरगर फिरायला लागलं की बाहेरच्या ओढीने आपोआप सरळ होतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यामुळे उडताना मिटायची भीती नव्हती. खरी अडचण उतरल्यावरची. लहान मोटरने पातं हळूच मागे ओढायचं आणि दांड्याला लावून अडकवायचं. तिने बिजागरी अशी घट्ट काढली की उघडमिटताना पातं तसूभरही डुगडुगू नये. ऑफिसात ती पाच हजार वेळा उघडली, पाच हजार वेळा मिटली. केतनने सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

मग शिवडीचा दिवस आला. बंदराजवळचं एक रिकामं गोडाऊन कंपनीने चाचणीसाठी भाड्याने घेतलं होतं. गाडी तिथे तीन आठवडे उभी होती. त्या दिवशी बाहेरून चार पाहुणे आले होते. अंगणात चुन्याने पार्किंगची चौकट आखली होती. गाडी दोरखंडांनी बांधलेली, आत माणसाऐवजी वाळूच्या गोणी. ती पुरुषभर उंच उचलली गेली, चाळीस सेकंद तरंगली आणि अलगद उतरली. टाळ्या पडल्या. केतनने बटण दाबलं. सात पाती शहाण्यासारखी मिटली. आठवं जागचं हललं नाही. मोटर कण्हली, थांबली. गाडी ढकलत चौकटीत नेली तर ते पातं शेजारच्या गाडीच्या जागेत पार आत घुसलेलं.

"बाजूवाल्याशी भांडण नक्की," एक पाहुणा म्हणाला, आणि सगळे हसले. अनुजाही हसली, पण तिचे कान तापले होते.

पाहुणे गेल्यावर तिने तिथेच सतरंजीवर बसून ती बिजागरी खोलली. आत पांढरी भुकटी. खिळी पोलादाची, ती बसते ते घर अ‍ॅल्युमिनियमचं, आणि शिवडीची खारी हवा. दोन्ही धातू एकमेकांना खात बसले होते आणि घट्ट बसवलेल्या खिळीला हलायला केसाएवढीही जागा उरली नव्हती.

"चूक माझी," ती केतनला म्हणाली. "मी ही एसीत बसून तपासली. इथे एकदाही आणून ठेवली नाही."

केतन म्हणाला, "मला पण नाही सुचलं. किती दिवस लागतील?"

"महिना द्या."

तिने आठ प्रकारच्या बिजागऱ्या करून घेतल्या. एकीत खिळीभोवती नायलॉनचा बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, एकीत पितळेचा, एकीत तांबं-कथिलाच्या गनमेटलचा. कुणाला रबरी कडं, कुणाला नुसतं ग्रीस. प्रत्येकीवर नंबर टाकला आणि गोडाऊनच्या समुद्राकडच्या कठड्यावर आठही ओळीने टांगल्या. रोज उघडमीट करायला तिथेच कुणीतरी हवं होतं. गोडाऊनचे वॉचमन महादेव कोळी शिवडीचेच. आधी होडीवर होते, गुडघे गेल्यावर ही नोकरी धरली.

"किती वेळा हलवायची?" त्यांनी विचारलं.

"सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास काका. कुठली जड जाते तेवढं सांगा."

महादेवकाकांनी ते काम फारच मनावर घेतलं. दर सोमवारी अनुजा गेली की ते आठही जणींची खबर द्यायचे. "दोन नंबर रडते. सात नंबर गेली कामातून, सोडा तिला. चार नंबर बघा कशी, लोण्यासारखी!" चार नंबर म्हणजे गनमेटलचा बुश, थोडी सैल जागा आणि दोन्ही बाजूंना रबरी कडं.

चौथ्या सोमवारी ती गेली तर कठड्यावर सातच बिजागऱ्या. काका खाली मान घालून उभे.

"रात्रपाळीत दुसरा माणूस होता. चार नंबर कोणीतरी काढून नेली. गनमेटल ना, भंगारात चांगला भाव येतो."

"असू दे काका, दुसरी करू," अनुजा म्हणाली. पण महिनाभर खारं वारं खाऊनही सहज हलणारी ती एकच होती, तशी दुसरी कुठून आणणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. "मॅडम, सापडली! दारुखान्याच्या भंगारबाजारात गेलेलो. तिसऱ्या दुकानात पोत्यात होती. तो बोलतो, ही तुमची कशावरून? मी बोललो, नंबर बघ. आणि हलवून बघ, अशी दुसरी असेल तर दाखव."

"मग?"

"त्याने हलवली. बराच वेळ हलवतच बसला. मग बोलला, घेऊन जा काका."

अनुजा ऑफिसात एकटीच मोठ्याने हसली.

चार नंबरच्या धर्तीवर आठ नवीन बिजागऱ्या झाल्या. गाडी पुन्हा शिवडीत तीन आठवडे उभी ठेवली, मुद्दाम गोडाऊनचं दार उघडं टाकून. या वेळी पाहुणे बोलावले नव्हते. पण अनुजाने सासूबाईंना टॅक्सीत घालून आणलं होतं. गाडी उडाली, उतरली. केतनने बटणाची पेटी अनुजापुढे धरली. तिने ती महादेवकाकांच्या हातात दिली.

"मी?"

"महिनाभर बिजागऱ्या तुम्हीच तर मिटल्यात, काका."

त्यांनी हात पँटला पुसला आणि अंगठ्याने बटण दाबलं. आठही पाती एका लयीत मागे गेली, खट्‌ आवाज झाला आणि सारं शांत. गाडी चौकटीत शिरली आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. काकांनी अशी शीळ घातली की कठड्यावरचे बगळे उडाले.

"मिटला गो बाये," कमलताई म्हणाल्या, आणि पिशवीतून खोबऱ्याच्या वड्यांचा डबा काढून आधी वॉचमनला दिला, मग मालकाला.

कंपनीची गाडी अजून विकायला निघालेली नाही. परवाने मिळायचेत, वजन उतरवायचंय. अनुजाच्या हाताखाली आता दोन इंजिनियर मुली आहेत, दोघीही कॉम्प्युटरवर तिच्यापेक्षा चपळ. रुजू झाल्या त्याच दिवशी तिने त्यांना टेबलं दाखवली नाहीत. बस पकडून थेट शिवडीला नेलं आणि महादेवकाकांना सांगितलं, "काका, ह्यांना जरा खारी हवा दाखवा."