हुंकाराचे पाच मार्क

लोकसाहित्य आणि लेखनकौशल्य असा जोडविषय मी चाकणजवळच्या एका कॉलेजात वीस वर्षं शिकवतेय. खरं सांगू? कंटाळलेय. 'घरातली एक कहाणी लिहून आणा' म्हटलं की मुलं मोबाइलवरची उतरवून आणतात, आणि सगळ्यांची एकच असते.

यंदा एकीमुळे मात्र जरा हुरूप आला. जवळच्या निघोजे गावची सून, कंपनीत पहाटेची शिफ्ट करून वर्गात यायची आणि शेवटच्या बाकावर पेंगायची. म्हणाली, "मॅडम, सासूबाई रोज भाजी निवडताना मला कहाणी सांगतात. तेवढाच आमचा दोघींचा वेळ."

"घेऊन ये त्यांना," मी म्हटलं.

तिने कंपनीत रजा टाकली. आजीबाई इस्त्रीचं नऊवारी नेसून आल्या. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि मुलांना दम भरला, "कुणी हूं की चूं करायचं नाही!"

"एक गाव व्हतं," आजीबाई म्हणाल्या आणि थांबल्या. वर्ग चिडीचूप. पुन्हा म्हणाल्या, "एक गाव व्हतं." मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "न्हाई येत बाई मला."

वय झालं, असं मला वाटलं. जिन्यात सून म्हणाली, "मॅडम, कुणी हुंकारच दिला नाही. समोरून 'हूं' आलं नाही की त्यांना पुढचं सुचत नाही."

अगं बाई! ऐकणाऱ्याचा हुंकार म्हणजे अर्धी कहाणी, हे दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते. परीक्षेत पाच मार्कांना विचारते. डोंबलाचं शिकवणं माझं!

पंधरा दिवसांनी ती रडवेली होऊन आली. "सासूबाई म्हणतात, भरल्या वर्गात माझी फजिती झाली, आणि घरातही कहाणी सांगत नाहीत. आता आम्ही नुसती भाजी निवडतो."

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली. "ऱ्हाऊ द्या," म्हणत आजीबाईंनी मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. तिघी निवडत बसलो. सून ओव्हरटाइम करून आली होती. भिंतीला टेकल्या टेकल्या तिचा डोळा लागला.

"लई माती हाय मेथीला," आजीबाई पुटपुटल्या.

"हूं," सून झोपेतच म्हणाली.

आजीबाईंचा हात थांबला. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "एक गाव व्हतं."

"हूं."

"गावात एक सासुरवाशीण व्हती."

सून आता गाढ झोपली होती. आजीबाई थांबल्या.

"हूं," मी म्हटलं.