डाकोटाचा डावा पंख

लेकीने आज नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मला वीस वर्षांपूर्वीचं हॅम्बर्गचं स्वयंपाकघर आठवलं. पुण्याहून आलेले माझे सासरे, वायुदलातले निवृत्त मेकॅनिक, पावसाला कंटाळून टेबलावर महायुद्धातल्या डाकोटा विमानाचं मॉडेल चिकटवत बसले होते. बेल वाजली. दारात शेजारच्या फ्राऊ क्लाइन. गोंदाच्या वासाची तक्रार असणार, म्हणून मी आधीच माफी मागितली. त्यांचं लक्ष मात्र टेबलाकडे होतं.

“लहानपणी बर्लिनचे रस्ते अडवले होते ना, तेव्हा आमचं पीठ याच विमानातून यायचं,” त्या म्हणाल्या.

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते हसले. “त्यांना सांग, डोंगरावरच्या चौक्यांना आम्हीही यातून पीठच टाकायचो.”

हे ऐकून फ्राऊ क्लाइननी खुर्ची ओढली आणि गोंद वाळेपर्यंत डावा पंख बोटांनी धरून ठेवला. बाबा मराठीत सूचना देत होते, त्या जर्मनमध्ये होकार देत होत्या आणि पंख अगदी सरळ बसला. तेव्हा मी दुभाषी म्हणून उगाच तिथे ताटकळले. आज वाटतं, त्यांना माझी गरज त्या पहिल्या दोन वाक्यांपुरतीच होती.