कुलूपबंद फोन आणि वहिनींचा जुना आवाज

तुमच्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही, हे आमच्या वहिनींनी सबंध शहराला कित्येक वर्षं ऐकवलं. मोबाइल कंपनीच्या मदतीच्या नंबरवर जो गोड, समजूतदार आवाज लागायचा, तो त्यांचा. भिंतींना जाड घोंगड्या लावलेल्या खोलीत बसून त्यांनी शून्य ते नऊ आकडे तीन-तीन तऱ्हांनी वाचले होते. एकदा चढत्या सुरात, एकदा सपाट, एकदा उतरत्या. मग यंत्राने कुठलाही आकडा कुठेही जोडला तरी माणूसच बोलतंय असं वाटायचं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आणि त्यांचा नवरा, म्हणायचा, "घरी हिची बोलणी फुकट मिळतात. बाहेर तीच ऐकायला रिचार्ज मारावा लागतो."

कामाबद्दल कंपनीने त्यांना एक फोन भेट दिला. जाडजूड, कशालाही टेकू म्हणून लावता येईल असा.

मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण जाताना आवाजही घेऊन गेली. राहिली ती नुसती खरखर. समोरासमोर चालून जायचं. फोनवर मात्र लोक "कोण बोलतंय? चेष्टा करता का?" म्हणून कट करायचे. फक्त त्या जाडजूड फोनच्या माइकमध्ये काय जादू होती कोण जाणे, त्यावरून वहिनींचं बोलणं पलीकडच्या माणसाला समजायचं. त्यामुळे कंपनी गुंडाळली जातेय आणि तिचं नेटवर्क आज संध्याकाळी बंद होणार असं कळलं, तेव्हा त्यांनी मला खुर्चीतून जवळजवळ कॉलर धरूनच उठवलं.

"भावजी, चला. नाहीतर उद्यापासून मी मुकी."

आमच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला सगळे 'स्क्रू' म्हणतात, कारण त्याचं बोलणं गोल गोल फिरतच आत शिरतं. त्याने फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. पडद्यावर उमटलं, हे सिम चालणार नाही, कोड टाका.

"काकू, ह्याला कंपनीचं कुलूप आहे. हा दुसऱ्या कुणाचं सिम घरात घेणारच नाही."

"माझ्यासारखाच एकनिष्ठ," वहिनी खरखरल्या. तेवढ्या दोन शब्दांना त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

कोड कंपनीच देणार, आणि कंपनीच्या ऑफिसला टाळं. मदतीच्या नंबरवरचं यंत्र मात्र अजून चालू होतं, पण तो नंबर कंपनीच्याच सिमवरून लागायचा. स्क्रूने जुनं सिम परत घातलं, चांदणी-हॅश-शून्य-सहा दाबून हॅश मारला, फोनचा स्वतःचा लांबलचक नंबर तळहातावर लिहून घेतला आणि स्पीकर लावून कॉल केला.

"नमस्कार. मी आपली काय मदत करू?"

हा आवाज मी हजारदा ऐकला होता. पण त्याची मालकीण समोर स्टुलावर ओठ मिटून बसलेली असताना कधीच नाही.

"अनलॉक," वहिनी म्हणाल्या.

"क्षमा करा. आपलं बोलणं समजलं नाही. कृपया पुन्हा बोला."

"अनलॉक!"

"क्षमा करा. आपलं बोलणं..."

"अगं मेले, मीच आहे!"

"क्षमा करा."

मी बोलायला तोंड पुढे केलं, तर त्यावर वहिनींचा पंजा बसला. "तुम्ही गप्प. माझं माझ्याशी चाललंय."

मग त्यांनी स्क्रूचा तळहात समोर धरला आणि एकेक आकडा वाचला. चढता, सपाट, उतरता. घशातून सूर निघत नव्हता, पण मान मात्र बरोबर वरखाली होत होती.

पलीकडून तोच आवाज, जरा खालच्या पट्टीत: "घसा दुखतोय का? सावकाश बोल. मी ऐकतेय."

"वा!" स्क्रू खूश झाला. "कंपनीने सोय काय केली होती बघा!"

वहिनींचा चेहरा पांढरा पडला. "भावजी, हे वाक्य मी कधी वाचलंच नव्हतं."

आवाजाने कोड सांगितला. स्क्रूने तो मनगटावर लिहिला. पण कॉल तुटेना. स्पीकरमधून कुणाचातरी श्वास ऐकू येत होता. रेकॉर्डिंगमध्ये श्वास येऊ द्यायचा नाही, हा तर त्या घोंगड्यांच्या खोलीतला पहिला धडा.

"आणखी काही हवंय?" आवाजाने विचारलं.

"काकू, कट करा," स्क्रू कुजबुजला. "सिम बदलल्याशिवाय कोड टाकता येत नाही."

वहिनींचा अंगठा हलेना. मयतालाही ज्याला विनोद सुचतो, त्या मला तिथे एक सुचला नाही.

"काही नको," शेवटी त्या म्हणाल्या. "तू जा आता."

या वेळी पहिल्या झटक्यात समजलं. "बरं," आवाज म्हणाला आणि कॉल तुटला.

नवं सिम आत गेलं, कोड टाकला, कुलूप निघालं. रेंजच्या पट्ट्या भरल्या. वहिनींनी हाशहुश करत पहिला फोन दादाला लावला. "झालं काम."

"अगं, आता परत खरखर कसली?" दादा हसत होता. "आत्ता फोनवर केवढी खणखणीत बोललीस! घसा सुटला कधी?"

"मी? काय बोलले?"

"पोचतेच आहे म्हणालीस, दार उघडं ठेवा म्हणालीस. ठेवलंय की."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. मग घशाची पर्वा न करता त्यांनी शब्द न शब्द सुटा करून सांगितलं, "दार लावून घ्या. मी येईपर्यंत कुणालाही उघडू नका. आवाज माझा असला तरी."

लग्नानंतर पहिल्यांदाच दादाने उलट प्रश्न विचारला नाही. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

"गाडी काढा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आणि वाटेत कुणी हाक मारली तर थांबू नका."