थोरली की धाकटी

शनिवार, १० मार्च २००७. यिशुनचा फ्लॅट, मालतीमावशींचा तेरावा. हजर: मुलगा विनय, सून, नात रिया आणि शेजारीण म्हणून मी. मावशी म्हणायच्याच, "तू माझ्या तेराव्यालाही हजेरी घेशील." घेतली...

दोन-अडीच वर्षांपूर्वी विनयने तांजोंग पगार भागातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून फ्रेंच सरदारघराण्यातल्या कुणा बाईचं तैलचित्र आणलं होतं. निळा पोशाख, गळ्यातल्या फितीला चिमुकली तसबीर, कोपऱ्यात शेजारीशेजारी रंगवलेली दोन घराण्यांची चिन्हं. "एक माहेरचं, एक सासरचं," मावशी पाहताक्षणी म्हणाल्या. मी फ्रान्समधल्या एका संग्रहालयाला फोटो पाठवले, तर उत्तर तेच आलं. घराणी कळली, बाईचं नाव मात्र अडलं. त्या घरच्या दोन बहिणी एकाच नवऱ्याला दिलेल्या. थोरली थेरेस लवकर वारली, मग धाकटी लुईज.

 मावशीही धाकट्याच. बहीण गेल्यावर एकोणिसाव्या वर्षी मेव्हण्यांशी लग्न लागलं. देव्हाऱ्यात सवतीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बहीणच. रोज आधी तिला हळदकुंकू, मग स्वतःला. "माझा एकटीचा फोटोसुद्धा कुणी काढला नाही गं," एवढंच एकदा म्हणाल्या होत्या.

"ही लुईजच," त्यांनी ठरवून टाकलं. "गळ्यात बघ, बहिणीचा टाक."

"आजी, सो ब्लर, कॅनॉट सी लाह," रिया म्हणाली.

"तुला नसेल दिसत. मला दिसतोय."

मलाही पटलं. मी स्वच्छ अक्षरात 'लुईज' लिहून चिठ्ठी चौकटीखाली चिकटवली. दोन वर्षं मावशींचा दुपारचा चहा तिच्यासमोर झाला. "बसा हो लुईजबाई," म्हणत.

त्या हॉस्पिटलात असताना संग्रहालयाचं दुसरं पत्र आलं. मोठ्या केलेल्या फोटोत ती तसबीर नवऱ्याची निघाली, आणि पोशाखाची धाटणी थोरलीच्या हयातीतली. चित्र थेरेसचं होतं. पत्र पर्समध्ये ठेवून मी खाटेशेजारी बसले.

"फ्रान्सहून काही आलं?"

"अजून नाही, मावशी."

"येईल. मला माहीतच आहे म्हणा..."

तेराव्याला विनयने चित्र माझ्याकडे दिलं. त्याला सहा आठवडे झाले. माझ्या शनिवारच्या यादीतली बाकीची कामं उरकली. एकाच ओळीपुढे खूण नाही: चिठ्ठीवरचं नाव बदलणे. थेरेसवर अन्याय होतो आहे, हे कळतं. नवी चिठ्ठी कापूनही ठेवली आहे, कोरी. आज ते काम पुन्हा पुढच्या शनिवारच्या यादीत उतरवलं.