टँकरवाल्या काकांची शिकवणी

राजूरहून कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून रोज सकाळी टँकरने पाणी मारतात. हिवाळ्यात ते लवकर वाळत नाही, आणि कोळशाच्या भुकटीत मिसळून साबणासारखा निसरडा चिखल होतो.

टँकर चालवणारे काका मला चहाच्या टपरीवर भेटतात. मोपेडवरून कोणी घसरून आलं, की त्यांचा चेहरा खुलतो. बशीत चहा ओततात, फुंकर मारतात आणि सुरू होतात, "पुढचा ब्रेक दाबला असन तू. मागचा दाबाचा, हळूहळू. गाडीवर घाबराचं नाही." माझं कोपर सोललं त्या दिवशी तर त्यांनी हवेत हँडल धरून सगळं करून दाखवलं. पाण्याचा विषय मात्र त्यांच्या शिकवणीत कधी निघत नाही.

काल ड्यूटी संपवून ते स्वतःच्या मोपेडवर माझ्यापुढे चालले होते. ओला रस्ता सुरू झाला तसे ते उतरले, पँट वर दुमडली आणि गाडी कडेच्या गवतातून ढकलत निघाले.

"काका, काहून उतरले? मागचा ब्रेक आहे ना?"

"बापू, पाणी म्याच मारलं ना," ते मागे न बघता म्हणाले. "किती मारलं, ते मले माहीत आहे."