मोपेडची प्रार्थना

आमच्या चर्चमधल्या तरुण मुलांसाठी मी रविवारी उपासनेनंतर लेखनाचा वर्ग घेते. वर्ग सुरू केला आणि पहिल्याच महिन्यात माझं डोकं फिरलं. घरी 'काय करालायस?' म्हणणारी ही कोल्हापूरची पोरं हातात पेन आलं की थेट पवित्र शास्त्राच्या भाषेत शिरायची. 'आणि असे झाले की, एक मनुष्य रंकाळ्यावर गेला.' तो मनुष्य शेवटी हमखास पश्चात्ताप करायचा. भेळ खायला गेलेला असला तरी! मी फर्मान काढलं: मिळेल ते वाचा, घरी बोलता तसं लिहा, आणि गोष्टीत कुणीही पश्चात्ताप करायचा नाही. देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायची ती उपासनेत द्या.

कसबा बावड्याच्या एका मुलीनं हे फारच मनावर घेतलं. तिची आई राजारामपुरीतल्या दवाखान्यात नर्स. एका सकाळी मोपेड सुरू होईना, तेव्हा आईनं हँडलवर हात ठेवून केलेली प्रार्थना तिनं जशीच्या तशी उतरवली. वाचून मी एकटीच हसत बसले. शेवटी मात्र ओळ होती, 'आणि गाडी चालू झाली.' मला साक्षीचा वास आला. मी ती खोडली.

गोष्ट नाताळच्या कार्यक्रमात वाचायची ठरली, तशी मुलगी घाबरली. "बाई, आई चिडली तर माझा वर्ग बंद. देवाची चेष्टा तिला चालत न्हाय." अख्ख्या वर्गात माणसांचं बोलणं नेमकं टिपणारी ती एकटीच होती, आणि तिला मला गमवायचं नव्हतं.

कार्यक्रमाला आई पहिल्याच बाकावर. मुलगी वाचत वाचत प्रार्थनेपाशी आली. "देवा," एवढं तिनं म्हणायचा अवकाश, सगळ्या मंडळीनं सवयीनं माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनीसुद्धा.

"देवा, ड्युटीला उशीर झालाय. गाडी तूच दिलीस, आता चालू बी तूच कर. न्हायतर ढकलायला तरी ये की!"

मुलगी थांबली. गोष्ट संपली होती. मागच्या बाकावरून एक आजोबा ठणठणीत आवाजात "आमेन" म्हणाले, आणि पाठोपाठ सगळेच. मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि चर्चभर हशा पिकला.

आई तेवढी हसली नाही. उठून सरळ लेकीपुढे जाऊन उभी राहिली.

"गाडी चालू झालती की! ते का न्हाय लिहिलंस?"

लेकीनं माझ्याकडे बोट केलं. आई वळली.

"बाई, तुमी खोडलासा व्हय? देवानं केलेलं काम?"



पुढच्या रविवारी मुलगी वर्गाला आली. आईनंच मोपेडवरून आणून सोडलं होतं. ती ओळ मी माझ्या हातानं परत लिहून दिली. पश्चात्ताप करायचा नाही हा नियम पोरांना आहे, बाईंना नाही.